झिरपीचं पाणी

दसरा सरला की आमच्या डोंगरातल्या सीताफळांचे डोळे उघडतात. डोळे म्हणजे फळावरचे ते फुगीर खवले. त्यांच्यामधल्या रेघा पांढुरक्या झाल्या की फळ उतरवायचं आणि गवतात घालून ठेवायचं. दोन दिवसांत ते बोटाला मऊ लागतं. या दिवसांत गुडीहत्नूरच्या हायवेवर बायका टोपल्या मांडून बसतात, कापसाची बोंडं फुटू लागलेली असतात, तुरी पिवळ्या होतात, आणि सकाळी अंगणात उभं राहिलं की डोंगराकडून सुकत चाललेल्या गवताचा गोडसर वास येतो. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. आता त्या वासाबरोबर मला मी बोललेलं एक खोटं वाक्य आठवतं, आणि हातातली मेथीची जुडी तशीच धरून मी थोडा वेळ उभी राहते.

आमचं गाव बाजारहत्नूरच्या बाजूला, तेलुगू मुलखात, डोंगराच्या पायथ्याशी. थोडा कापूस, थोडी ज्वारी आणि ओढ्याकाठी भाजीचा तुकडा. वांगी, मेथी, पालक, सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हा तुकडा जगतो तो झिरपीवर. झिरपी म्हणजे डोंगराच्या कुशीतली पांढऱ्या दगडाची गुहा. तिच्या छतातून थेंबथेंब पाणी आत साचतं, एका फटीतून बाहेर येतं आणि ओढा होऊन आमच्या बांधाला लागतं. वैशाखात गावातल्या विहिरींचा तळ दिसतो, पण झिरपी आटत नाही. माझ्या सासूनं तिला कधी आटलेली पाहिली नाही आणि तिच्या सासूनंही पाहिली नव्हती. डोंगरापलीकडच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीतही तेच पाणी जातं. त्यांचं दैवत आत आहे. आत जाताना चपला बाहेर काढतात.

झिरपीला शहरातली माणसं आणायला सुरुवात केली ती माझ्या धाकट्या दिरानं, गजाननभाऊजींनी. हैदराबादेत चार वर्षं राहून ते परत आले होते. मोबाइलवर त्यांनी गुहेचे फोटो टाकले आणि सुट्टीच्या दिवशी आठदहा माणसं येऊ लागली. सकाळी गावातून पायी निघायचं, दोन तास चालायचं, गुहा पाहायची, ओढ्याकाठी जेवायचं आणि उन्हं कलायच्या आत परत. जेवण माझ्याकडे होतं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मीही त्यांच्यासोबत डोक्यावर टोपली घेऊन चालत असे.

भाऊजींच्या थापांना तेव्हा नुसता ऊत आला होता. पहिल्या वेळी ते म्हणाले की गुहा खूप लांब आहे. दुसऱ्या वेळी पांडव मुक्कामाला आले. तिसऱ्या वेळी भुयार थेट माहूरगडावर निघू लागलं. माणसं "अरे बापरे" म्हणायची आणि मी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडता सोडता त्यांच्याकडे पाहायची. इतक्या सहज खोटं बोलणारा माणूस आपल्याशी तरी खरं बोलत असेल का, असं मनात येऊन जायचं. त्यांनी तेव्हा नवे बूट घेतले होते. फोन आला की ते अंगणाच्या टोकाला जाऊन तेलुगूत बोलायचे. शिकलेल्या माणसाचं ते साधं वागणंही असेल. पण मला ते साधं वाटत नव्हतं.

त्याचं कारण माझ्या माहेरी आहे. माझं माहेर नदीपलीकडचं, महाराष्ट्रातलं. तिथेही पांढऱ्या दगडाचा डोंगर होता. मी आठवीत असताना एक माणूस आला, एकटाच, खांद्याला पिशवी आणि हातात छोटा हातोडा. ऊन फार होतं. माझ्या आईनं त्याला ओट्यावर बसवून ताक दिलं. तो गोड बोलला, मला कितवीत आहेस म्हणून विचारलं, चार दगड फोडले आणि गेला. मग जीप आली, मग मोठी यंत्रं आली. पाच वर्षांत डोंगराची एक बाजू कापलेल्या भाकरीसारखी दिसायला लागली. आमची विहीर कोरडी पडली. भाऊ खाणीच्या फाटकावर पहारेकरी लागला. आई म्हातारपणी कोणी ओट्यावर आलं की आधी त्याच्या हातांकडे पाहायची. ती सवय मी सासरी घेऊन आले.

तर त्या वर्षीचा सीताफळांचा मोसम. आठ माणसं आली होती. त्यांत माधवी. पंचवीसेक वर्षांची, सडपातळ, सावळी, केसांची घट्ट वेणी. हैदराबादची. तेलुगू तिची भाषा, माझ्याशी हिंदीत बोलायची आणि मला अक्का म्हणायची. इतर लोक स्वतःचे फोटो काढत होते. ही खाली पाहत चालली होती. वाटेत कुसळं कपड्यांना टोचत होती, सागाची मोठी पानं पायाखाली करकरत होती, आणि ती मध्येच थांबून दगडाजवळ बसत होती. एकदा तिनं पिशवीतून छोटी बाटली काढली आणि दगडावर दोन थेंब टाकले. दगड फसफसला. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. पिशवीतून आणखी एक वस्तू अर्धी बाहेर डोकावत होती. छोटा हातोडा.

माझ्या डोक्यावरची टोपली एकदम जड झाली.

मी भाऊजींना मागे थांबवलं. "भाऊजी, हे पोरगी कोन हाय?"

"शिकणारी हाय, वयनी. दगडाइचा अभ्यास करते म्हने."

"कोणासाठी?"

"म्हंजे?"

"कोणासाठी अभ्यास करून राह्यली ते विचारलं का तुमी?"

ते हसले. "तुमी पण ना वयनी. काऊन एवढं मनाले लावून घेता?"

त्या हसण्यानं माझा संशय दुप्पट झाला. आता मला दोघांवर नजर ठेवायची होती.

ओढ्याच्या वळणावर माधवी माझ्याजवळ आली. तिनं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "अक्का, ये पानी गर्मी में भी रहता क्या?"

मी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत पांढरी धूळ होती. माझ्या मनानं झरझर हिशेब केला. बारमाही पाणी आहे म्हटलं तर यांना हवंच आहे. खाणीला पाणी लागतं, यंत्रांना लागतं, माणसांना लागतं. इथं काहीच नाही असं वाटलं तर जातील दुसरीकडे.

"नहीं," मी म्हणाले. "होली के बाद सूख जाता. एक बूंद नहीं रहता."

"पक्का?"

"पक्का."

तिनं ते लिहून घेतलं. लिहिताना तिचा चेहरा जरासा उतरला. मला वाटलं, बरोबर, डाव फसला.

झिरपीचं तोंड कमरेएवढंच आहे. वाकून आत गेलं की आधी गार हवा अंगावर येते, मग वटवाघळांचा उग्र वास, आणि मग नजर सरावली की छत दिसायला लागतं. गाईच्या आचळांसारखे पांढरे दगड वरून लोंबतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक थेंब थरथरत असतो. खालून दगड वर येत असतात, कुणी ओल्या पिठाचे गोळे एकावर एक ठेवावेत तसे. एका भिंतीवर दगडाचा पडदा आहे. बोटानं वाजवला की पितळेच्या ताटासारखा नाद येतो. कोपऱ्यात शेंदूर लावलेला गोटा. माणसं आत गेली की आपोआप हळू बोलतात. भाऊजीदेखील तिथं पांडवांना आवरतं घेत.

माधवीनं चपला काढून त्या गोट्याला हात जोडले. मग टॉर्च घेऊन जमिनीवर शोधू लागली. वरून तुटून पडलेले तुकडे ती उचलत होती, छोट्या कापडी पिशव्यांत घालत होती आणि पिशवीवर आकडे लिहीत होती. छताला तिनं हात लावला नाही.

एकानं तिला विचारलं, "ऊपर का तोड़ के देखो ना, वो साफ है."

"नहीं, जो गिरा है वही लेना," ती म्हणाली. "वो अभी बढ़ रहा है."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या क्षणी मला समजायला हवं होतं. पण संशय एकदा बसला की त्याला कोणतीही गोष्ट खाऊ घाला, त्याचं अंग भरतंच. मी मनाशी म्हटलं, लोकांसमोर नाटक चाललंय.

आणखी आत जायला पोटावर सरपटावं लागतं. तिनं पिशवी माझ्याकडे दिली. "अक्का, ज़रा संभालो." माझ्याकडेच दिली, विश्वासानं. सगळे आत गेले. त्यांचे आवाज खडकापलीकडे दबत गेले आणि मग फक्त थेंब पडण्याचा आवाज राहिला.

मी पिशवी घेऊन गुहेबाहेर आले. ओढ्याजवळ बसले. एकेका कापडी पिशवीची दोरी सोडली. आत पांढरे, किंचित पिवळे तुकडे, आणि तुटलेल्या बाजूला झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. एक तुकडा फार सुंदर होता. तोही मी पाण्यात सोडला. मग ओढ्यातले तेवढेच काळे खडे निवडले, पदराला पुसले आणि एकेक पिशवीत भरले. दोऱ्या होत्या तशा बांधल्या.  आईसाठी काहीतरी केलं असं वाटत होतं.

जेवताना माधवीनं दोन भाकरी खाल्ल्या. ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं पुन्हा मागितला. निघताना मी तिला चार सीताफळं दिली. का दिली, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

घरी आल्यावर मी यांना, म्हणजे माझ्या मालकांना, सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "भाऊजीइच्या त्या माणसाइवर लक्ष ठेवा." हे बैलाला वैरण टाकत होते. म्हणाले, "तुले तं सगळ्याइवरच शक येते." ती पुन्हा आली नाही. मला वाटलं, डोंगर वाचला. तो मोसम मी मोठ्या समाधानात काढला. मेथी त्या वर्षी हातभर वाढली होती.

दोन वर्षांनी, माघात, गावात मांडव पडला. डोंगरातला पांढरा दगड काढायचा असा बेत आहे, लोकांनी आपलं म्हणणं मांडावं, म्हणून सभा होती. आमची माणसं, कोलामांच्या वस्तीतली माणसं, सगळे आले. एका माणसानं आधी तेलुगूत आणि मग हिंदीत कागद वाचला. पाणी, झाडं, जनावरं. मग त्यानं वाचलं की या डोंगरातला झरा हंगामी आहे, होळीनंतर तो पूर्ण आटतो, असं गावातल्याच लोकांनी सांगितल्याची नोंद एका विद्यार्थिनीच्या अभ्यासात सापडते. म्हणून खाणीमुळे बारमाही पाण्याला धोका नाही.

मांडवात एकदम गलका झाला. हे उठून उभे राहिले. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कोन सांगतलं? झिरपी आटते असं कोन सांगतलं? त्याले समोर आना!"

मी बायकांच्या रांगेत, तिसऱ्या ओळीत बसले होते. उठले नाही. शेजारची बाई म्हणाली, "कोनी पैसे खाल्ले असंन." मीही मान डोलावली.

चार दिवस मी पहाटेच उठून भाजीच्या तुकड्यात जात होते. पाचव्या दिवशी न्याहारीच्या वेळी हे आणि भाऊजी समोर बसले असताना मी सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचं आणि खड्यांचंही.  हे म्हणाले, "एक डाव विचारलं असतं तिले थेट." एवढंच. भाऊजींनी ताट बाजूला सारलं, अंगणाच्या टोकाला गेले आणि माधवीला फोन लावला. या वेळी मी त्यांच्यामागून गेले. तेलुगू मला मोडकीतोडकी कळते. ते माझी बाजू मांडत होते.

माधवी वैशाखात आली. मुद्दाम तेव्हाच. एकटीच. ऊन असं होतं की डोंगराचे दगड तव्यासारखे तापलेले. मी डोक्यावर पदर आणि हातात पाण्याची बाटली घेऊन तिच्यासोबत निघाले.  वाटभर तिनं मला एकदाही अक्का म्हटलं नाही. झाडं उघडी, गवत जळून गेलेलं, कुठेही सावली नाही. ओढ्याच्या वळणावर आलो आणि पाण्याचा आवाज ऐकू आला. बारीक, पण तुटत नव्हता. ती तिथंच खाली बसली. पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

मग मी खड्यांचं सांगितलं. भाऊजींनी फोनवर तेवढं गाळलं होतं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली.

"वो तुम थी?" ती म्हणाली. "मेरे को लगा लैब में किसी ने बदल दिया. एक लड़की पे शक किया मैंने. उससे बात करना छोड़ दी."

तिनं सांगितलं की त्या पांढऱ्या तुकड्यांतल्या वर्तुळांत जुन्या पावसाचं माप असतं. कोणत्या वर्षी पाऊस बरा झाला, कोणत्या वर्षी दुष्काळ पडला, सगळं त्यात साठलेलं असतं. ते तुकडे मिळाले असते तर ती दर मोसमाला झिरपीवर येणार होती, उन्हाळ्यातही. काळे खडे निघाल्यावर तिला हा डोंगर सोडून दुसरा घ्यावा लागला. अभ्यासात आमच्या डोंगराबद्दल उरली ती एकच ओळ. माझी.

"मी घाबरले होते," मी म्हणाले, मराठीतच. माहेरचा डोंगर, आई, ताक, सगळं सांगितलं. तिला किती समजलं देव जाणे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पूछ लेते एक बार." हे जे म्हणाले होते तेच, दुसऱ्या भाषेत.

तिनं बादली लावून पाणी मोजलं. तीन वेळा. मग गावात आली आणि पाच घरी गेली. मी सोबत होते. प्रत्येक घरी तिनं तोच प्रश्न विचारला, पाणी उन्हाळ्यात असतं का, आणि प्रत्येक बाईचं उत्तर वेगळं लिहून घेतलं. माझ्यासमोर. मला एकदाही विचारलं नाही. मी दारात चपलांपाशी उभी राहायची.

जाण्यापूर्वी तिनं मला एक काम सांगितलं. मी जे खोटं बोलले ते माझ्याच हातानं लिहून द्यायचं. मी मराठीत लिहिलं, भाऊजींनी तेलुगूत केलं आणि खाणीविरुद्धच्या गावाच्या दरखास्तीला जोडून ते वर गेलं. अर्थातच गावभर झालं. बाजारात माझ्याकडून भाजी घेणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं तर तोंडावरच विचारलं, "खरं सांग, त्याइनं तुले काय देल्लं होतं?" मी काही घेतलं नव्हतं. पण कसं पटवून देणार? काहीही सांगितलं तरी त्यातून त्यांना जे हवं तेच दिसणार होतं. हे मला कळत होतं, कारण मीही तसंच पाहिलं होतं त्या मुलीकडे.

खाणीचं काम सध्या थांबलं आहे. माधवीच्या मोजमापामुळे थांबलं, लोकांच्या अर्जांमुळे की आणखी कशामुळे, कोणी सांगत नाही. मलाही पूर्ण विश्वास बसत नाही. अनोळखी जीप दिसली की मी तिचा नंबर अजून पाठ करते. पण आता रस्त्यावर जाऊन काच वाजवते आणि विचारते, कोन, कुठले, कायले आले.

महिन्यातून एकदा मी झिरपीवर जाते. बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजते, वहीत मांडते आणि वहीच्या पानाचा फोटो माधवीला पाठवते. ती दुसऱ्या गावी नोकरीला लागली आहे. तिचं उत्तर येतं, दोन शब्दांचं. गेल्या आठवड्यात मात्र तिचा फोन आला. "अक्का," ती म्हणाली. झिरपीतल्या त्या पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदा म्हणाली. "पानी कैसा है?"

मी सांगितलं. चांगलं आहे, गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्तच.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होते. भाऊजी आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं.

"वयनी, माधवीचा फोन आल्ता काल. तुमाले करून झाल्यावर."

"काय म्हने?"

"पानी कसं हाय म्हने. तुमाले विचारलं तेच."

मी जुडीला सुतळीचा दुसरा वेढा दिला. भाऊजी माझ्याकडे न बघता अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते.

"मंग तुमी काय सांगतलं?"

"तुमी जे सांगतलं असंन तेच. चांगलं हाय म्हनलं."

"तुमी पाह्यलं का जाऊन?"

 दिवाळीपासून ते डोंगरात गेले नव्हते.

"असं सांगू नका न पाहता," मी म्हणाले. "उद्या सकाळी चाला माझ्यासंगं. बादली तुमी धरा, मी वेळ पायते. वहीत दोघाइचंही नाव लिहू."